पंडरीच्या पाच जणी आणि कल्पेनीचा एक दिवस

छत्तीसगडला समुद्र नाही. सात राज्यांच्या मधोमध वसलेल्या या राज्यात नद्या आहेत, तलाव आहेत, चित्रकूटसारखा रुंद धबधबा आहे. पण लाट पाहायची तर पुरी तरी गाठावी लागते किंवा विशाखापट्टण. त्यामुळे रायपूरच्या पंडरी भागातल्या पाच जणी, त्याही घरच्या मंडळींना सोडून, बोटीनं लक्षद्वीपला निघाल्या आहेत ही बातमी कापड बाजारात पसरायला वेळ लागला नाही.

पंडरी म्हणजे रायपूरची कापडाची पेठ. लग्नसराईत इथल्या गल्ल्यांतून चालताना साड्यांचे गठ्ठे वाहणारे हमाल आणि बस्त्याला आलेली कुटुंबं यांच्यामधून वाट काढावी लागते. २०२१पर्यंत शहराचं मोठं बस स्थानकही इथंच होतं. पुढे ते भाठागावला गेलं आणि पंडरीची थोडी गर्दी कमी झाली. कापडाची मात्र नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसं राहत आली आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशी इथल्या मराठी घरांची तीन भाषांची सवय. माझं माहेर याच पंडरीतलं.

आमच्या भिशीत पाच जणी. एकीचं साड्यांचं दुकान, एक बँकेत, एक दवाखान्यात परिचारिका, एक मी आणि पाचव्या आमच्या भूगोलाच्या बाई. शाळेत त्यांनी आम्हा दोघींना शिकवलं होतं. पुढे त्या शेजारी राहायला आल्या आणि भिशीच्या निमित्तानं मैत्रीण झाल्या. पण त्यांना नावानं हाक मारायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही. २०१९च्या फेब्रुवारीत आम्ही हा प्रवास केला, तेव्हा बाईंच्या निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरली होती.

छत्तीस आणि छत्तीस

बँकेतल्या मैत्रिणीला आकड्यांचं वेड. गाडीत बसल्या बसल्या तिनं शोध लावला की आपण छत्तीस गडांच्या प्रदेशातून छत्तीस बेटांच्या प्रदेशात निघालो आहोत. लक्षद्वीप या नावाचा अर्थ लाख बेटं. पण परंपरेनं मोजली जातात ती छत्तीसच. त्यांतल्या फक्त दहा बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसं, आणि तीही केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर आत, अरबी समुद्रात विखुरलेली. १९५६ साली हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७३ साली त्याला लक्षद्वीप हे नाव मिळालं.

“आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे एकमेकांकडे पाठ,” दुकानवाली म्हणाली, “बघू या, परत येईपर्यंत आपल्यापैकी कुणाचा कुणाशी होतो ते!”

रायपूरहून नागपूरमार्गे एर्नाकुलम आणि तिथून कोचीच्या विलिंग्डन बेटावरचा धक्का, असा आमचा मार्ग होता. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन विभागानं आखलेल्या पाच दिवसांच्या ‘समुद्रम’ सहलीत एम. व्ही. कवरत्ती या जहाजानं कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं पाहायची होती. दिवस बेटावर आणि रात्र जहाजावर, अशी ही व्यवस्था. आधी आम्हाला वाटलं, हा काटकसरीचा प्रकार असावा. त्यामागचं खरं शहाणपण पुढे कळलं.

पहिल्या दिवशी कवरत्ती झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे डेकवर गेलो, तेव्हा क्षितिजावर माडांची एक हिरवी रेघ दिसत होती. तिच्याभोवती फिकट निळा, मग पाचूसारखा हिरवा आणि जहाजाखाली गर्द, जवळजवळ काळा निळा. दुकानवाली कितीतरी वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, “असा रंग एखाद्या साडीला लावून मिळाला ना, तर दिवाळीपर्यंत एक नग उरायचा नाही.”

ते कल्पेनी होतं.

दारातली पाच मिनिटं

बेटाभोवती प्रवाळांची भिंत असते. मोठं जहाज तिच्या आत शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी लहान मोटारबोटीनं किनाऱ्यावर जातात. वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं, समोर समुद्र असतो आणि खाली लहान बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. एका क्षणी ती पायरीच्या बरोबरीला येते, दुसऱ्या क्षणी हातभर खाली जाते. ती वर आली की पाऊल टाकायचं. दोन खलाशी दंडाला धरतात आणि तिसरा बोटीत झेलायला उभा असतो.

आम्ही चौघी लाइफ जॅकेट घालून, जीव मुठीत धरून उतरलो. बाई दारातच थांबल्या.

“अगं, तुम्ही जा. माझे गुडघे असे. मी इथूनच बघते. मला फोटो दाखवा.”

त्यांच्या मागे रांग खोळंबली होती. कुणी काही बोललं नाही, पण बाईंना ते जाणवत होतं आणि त्यामुळे त्या आणखीच मागे सरकत होत्या. वीस-बावीस वर्षं या बाईंनी फळ्यावर कंकणद्वीप काढलं होतं. मध्ये खारकच्छ, भोवती प्रवाळांचं कडं, बाहेर खोल समुद्र. खडूच्या त्या आकृतीतलं पाणी आता त्यांच्या पायाखाली हलत होतं आणि त्या परत केबिनमध्ये जायला निघाल्या होत्या.

“बाई, नकाशातच बघायचं होतं तर पंडरीत काय वाईट होतं?” खालून दुकानवाली ओरडली.

बाईंनी शेजारच्या खलाशाला हिंदीत विचारलं, “आतापर्यंत किती जण पडले?”

“हमारे हाथ से एक भी नहीं, अम्मा,” तो हसत म्हणाला. “बस, नीचे मत देखिए. मैं बोलूं तब पाँव डालिए.”

बोट वर आली. त्यानं हाक दिली. बाईंनी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. पुढच्याच क्षणी त्या आमच्या मध्ये फळीवर बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, अंबाडा सुटलेला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईंनी अंबाडा बांधला आणि वर्गात शिरल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “हं. आता बघा, आपण कडं ओलांडतोय.”

आणि खरंच, पाण्याचा रंग त्याच क्षणी बदलला.

किड्यांनी बांधलेली जमीन

ही बेटं कशी झाली, याचं स्पष्टीकरण चार्ल्स डार्विननं १८४२च्या ग्रंथात मांडलं. समुद्रातल्या ज्वालामुखीच्या डोंगराभोवती प्रवाळ वाढतात. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि उरतं ते प्रवाळांचं कडं. त्या कड्यावर प्रवाळांचा चुरा साचून जमीन तयार होते. लक्षद्वीपची पांढरी वाळू म्हणजे हा चुराच. इथं डोंगर नाही, नदी नाही, काळी माती नाही. पायाखाली आहे ते सगळं एका इवल्याशा प्राण्यानं बांधलेलं.

अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं. इथल्या पोवळ्यातला जीव जवळजवळ पारदर्शक असतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. सूर्यप्रकाशावर ते अन्न तयार करतं आणि आपल्या यजमानाला पोसतं. पोवळ्याचा रंगही मुख्यतः त्या शैवालामुळे. समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला आणि तसाच राहिला की हे भाडेकरू घराबाहेर पडतात आणि पोवळं पांढरं पडतं. पाणी वेळेवर निवलं तर ते सावरतं, नाहीतर मरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर घडलं आणि २०२४ साली पुन्हा घडलं.

हे आम्हाला बाईंनी सांगितलं ते तळाला काच असलेल्या होडीत बसून. काचेखालून निळ्या टोकांच्या फांद्या, मेंदूसारख्या वळ्या असलेले गोळे आणि त्यांच्यामधून पोपटी-पिवळ्या माशांचे थवे सरकत होते. मध्येच एखादा पट्टा राखाडी, मेलेला. तिथं मासे जवळजवळ नव्हते. तो पट्टा आला की बाई बोलायच्या थांबत.

नंतर कंबरभर पाण्यात उभं राहून, तोंडाला स्नॉर्केलचा मुखवटा लावून बाईंनी डोकं पाण्यात घातलं. पोहता न येणाऱ्यालाही एवढं जमतं. लगूनचं पाणी शांत आणि उथळ असतं, कारण लाटांचा मार बाहेरचं कडं झेलतं. त्या बराच वेळ वर आल्या नाहीत, तेव्हा परिचारिका मैत्रिणीनं घाबरून त्यांचा खांदा धरला. बाई वर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, काही झालं नाही. बघतेय.”

किनाऱ्यावर त्यांना पोवळ्याचा एक फांदीदार तुकडा मिळाला. मेलेला, वाळलेला, पांढराशुभ्र. त्यांनी तो रुमालात गुंडाळला. शाळेच्या कपाटासाठी. आमच्याबरोबर स्थानिक महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी वाटाड्या म्हणून होती. तिनं अदबीनं सांगितलं, “मॅडम, हे नेता येत नाही. कायद्यानं बंदी आहे.”

“पण हा मेलेला आहे. मुलांना दाखवायला हवा.”

“मेलेलाच आमची जमीन होतो,” ती म्हणाली.

बाईंनी तुकडा पाण्याच्या कडेला होता तिथं ठेवला आणि पिशवीतून वही काढली. पुढचा अर्धा तास त्या माडाच्या सावलीत बसून तो तुकडा पेन्सिलीनं काढत होत्या.

त्या मुलीचं बोलणं अतिशयोक्तीचं नव्हतं. २०१७ साली एका अभ्यासात असं दिसून आलं की बंगारमच्या प्रवाळवलयातलं परळी-१ हे निर्जन बेट समुद्रानं पूर्णपणे खाऊन टाकलं आहे. छत्तीस हा आकडा त्यामुळे आता पुस्तकापुरताच खरा. कल्पेनीनंही समुद्राचा हात पाहिला आहे. १८४७च्या मोठ्या वादळानं इथल्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळांच्या दगडगोट्यांचा बांधच आणून टाकला. तो अजूनही दिसतो.

घर बाईचं

कल्पेनीचं मुख्य बेट आणि तिलक्कम व पिट्टी ही छोटी बेटं एकाच लगूनमध्ये आहेत. उत्तरेला चेरियम हे निर्जन बेट. वस्तीचा भाग तीन चौरस किलोमीटरांहून कमी. माणसं २०११च्या जनगणनेत सुमारे ४,४००. दुपारी जेवायला भात, माशांचं कालवण आणि आमच्यातल्या दोघींसाठी नारळाच्या रसातली भाजी होती. जेवणानंतर गावातून फेरफटका मारला. सरळ, सावलीची वाट. दोन्ही बाजूंना माड आणि त्यांच्यामागे कौलारू आणि गच्चीची घरं.

इथं बनियन विणण्याचा एक छोटा कारखाना आहे. आमच्या दुकानवालीचे पाय तिथंच रुतले. यंत्र फिरतंय, विणलेलं कापड नळीसारखं खाली उतरतंय आणि बायका ते कापून शिवताहेत. तिनं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, ताणून पाहिलं, भाव विचारला आणि सहा नग घेतले. सूत मुख्य भूमीवरून जहाजानं येतं हे ऐकल्यावर तिनं मनातल्या मनात वाहतुकीचा खर्च मांडला आणि म्हणाली, “एवढ्या भावात यांना परवडतं तरी कसं?” वीस वर्षं पंडरीत कापड विकणाऱ्या बाईच्या तोंडून ही मोठीच दाद होती.

वाटाड्या मुलीकडून कळलेली आणखी एक गोष्ट आम्हाला परतीच्या गाडीत दोन दिवस पुरली. लक्षद्वीपचे बहुतेक सगळे रहिवासी मुस्लिम आहेत. पण इथल्या बहुतेक बेटांवर घराणं आईच्या बाजूनं चालतं. वडिलोपार्जित एकत्र मालमत्ता मुलींच्या वंशात राहते आणि लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही. नवरा तिच्या घरी येतो. घराण्याची मालमत्ता म्हणजे ‘शुक्रवारची’ आणि माणसानं स्वतः मिळवलेली ती ‘सोमवारची’. अशी दोन वारांची वाटणी इथं रूढ आहे. ‘सोमवारची’ मालमत्ता इस्लामी वारसा नियमांनुसार जाते. काळाबरोबर यात बदल होत आहेत. पण घर कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर अजूनही पुष्कळ ठिकाणी ‘आईचं’ असंच येतं. मुलींना शाळेत पाठवणं वाईट समजलं जाई, त्या काळात हा संकोच सगळ्यांत आधी मोडणारं बेट म्हणूनही कल्पेनीचं नाव घेतात.

“म्हणजे इथं माहेरपणाला जायचं कुठं?” परिचारिका मैत्रिणीनं विचारलं.

“जायचं कशाला? तिथंच तर राहायचं,” मुलगी म्हणाली. आम्ही पाचही जणी एकदम हसलो. पण ते हसणं नेहमीपेक्षा लवकर थांबलं.

पाण्याची किंमत

समुद्राच्या मधोमध असलेल्या या बेटांवर सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गोडं पाणी. पावसाचं पाणी प्रवाळांच्या वाळूत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीखाली त्याच्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहिरीतून आपण उपसतो तो हाच थर. उपसा जास्त झाला की खालून खारं पाणी वर येतं. सांडपाणी मुरलं तरी तेच पाणी बिघडतं.

आदल्या दिवशी कवरत्तीत आम्ही यावरच्या उपायाची माहिती घेतली होती. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २००५ साली तिथं समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. वरचं समुद्राचं पाणी असतं सुमारे २८ अंशांचं. हवेचा दाब खूप कमी केला की तेवढ्या उष्णतेवरही त्याची वाफ होते. सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्यानं ती वाफ निववली की गोडं पाणी मिळतं. २०११ साली मिनिकॉय आणि अगत्तीत, तर जानेवारी २०२४मध्ये कदमतला असे प्रकल्प सुरू झाले. तरीही पाण्याचा हिशोब इथं कुणी विसरत नाही.

पर्यटकांनी रात्री जहाजावर राहायचं, यातलं शहाणपण तेव्हा उमगलं. शे-दीडशे पाहुण्यांची अंघोळ, कपडे आणि जेवणाची भांडी बेटाच्या विहिरींवर पडत नाहीत. पाहुणा दिवस मावळता उठतो आणि यजमानाच्या पाण्याला धक्का लागत नाही. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिल्यापासून या बेटांची चर्चा देशभर झाली. येणाऱ्यांची संख्या वाढेल, वाढावीही. पण दिवसाचा हा पाहुणचार जपूनच वाढायला हवा.

संध्याकाळी निघण्यापूर्वी नारळ आणि माडाच्या गुळाचे लाडू विकत घेतले. इथं त्यांना उंडा म्हणतात. बाईंनी चाळीस घेतले, एका वर्गाला पुरतील एवढे. परतीच्या बोटीतून जहाजाच्या दारात चढताना त्यांनी खलाशाचा हात धरला, पण या वेळी डोळे उघडे ठेवून.

जाणार असाल तर

लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना लागतो. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणीच्या कागदांची तयारी आधीच करा. नियम, जहाजांची वेळापत्रकं आणि सहलींचे दर बदलत असतात. तेव्हा लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन विभागाकडे चौकशी केल्याखेरीज रेल्वेचं आरक्षण करू नका. परतीच्या तारखेला एक दिवस मोकळा ठेवा, कारण समुद्रापुढे कुणाचं चालत नाही. जायचं ते ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी खासगी क्रूझही २०२१मध्ये सुरू झाली. ती निघते का आणि कोणत्या बेटावर थांबते, हे ठरवण्याआधी विचारून घ्या.

सामान कमी न्या. बोटीत उतरताना दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत, म्हणून खांद्याची पिशवी बरी. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीचा. पाण्यात चालायला रबरी बूट, टोपी, उलटीवरच्या गोळ्या आणि भरून घेतलेली पाण्याची बाटली हवीच. रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या बेटावर टाकू नका, बरोबर परत आणा. तिथं कचरा टाकायला जागाच नाही. पाण्यात प्रवाळांवर उभं राहू नका, त्यांना हात लावू नका आणि मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. गावात फिरताना अंगभर कपडे असावेत आणि फोटो विचारून काढावेत.

आणि बरोबर कुणी घाबरणारं असेल, तर त्याला जहाजावर ठेवून जाऊ नका. दारात पाच मिनिटं जास्त थांबा. एक दिवस म्हणजे फार नाही. पण ज्यानं आयुष्यभर ते बेट फळ्यावर काढलं असेल, त्याला तेवढाही पुरतो. शाळेच्या कपाटात पोवळं नाही. बाईंची पेन्सिलची आकृती मात्र तिथं लावलेली आहे आणि तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘कल्पेनी. जागेवर पाहून काढलेले.’